भीड बँकेबाहेर ठेव

सोनपेठला स्वतःच्या नावावर खातं काढायचं ठरवलंस आणि चेकबुकही घेणार म्हणतेस, हे ऐकून फार बरं वाटलं, माय. आजवर कापसाची पट्टी, उसाचं बिल, सोयाबीनचे पैसे सगळं जावईबापूंच्या खात्यावर यायचं आणि तिथूनच जायचं. आता शिलाईचं दुकान टाकलंस, व्यवहार तुझ्या हाताने होणार. तेव्हा मामाचे चार शब्द ऐकून ठेव. माझी सगळी नोकरी ग्रामीण बँकेच्या काउंटरवर झाली. काचेच्या आतून मी लोकांचे पैसे जमा होताना पाहिले, तसे बुडतानाही पाहिले. ज्यांचे बुडाले ते सगळे काही अडाणी नव्हते. त्यांत मास्तर होते, सरपंच होते, हिशेबाला पक्के असलेले दुकानदार होते. त्यांना नडली ती भीड. मेव्हण्याने मागितली म्हणून कोऱ्या चेकवर सही दिली, दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून पावती मागितली नाही, साहेब घाईत होते म्हणून न वाचताच अंगठा टेकवला. भीड भिकेची बहीण असं आपल्याकडं उगीच म्हणत नाहीत. मी जे काही सांगणार आहे त्याच्या मुळाशी ही एकच गोष्ट आहे.

आधी नावाचं बघ. लग्नानंतर आपल्या लेकीबाळींची कागदोपत्री दोन नावं चालत राहतात. शाळेच्या दाखल्यावर आणि पॅनवर माहेरचं, आधारवर आणि रेशनकार्डावर सासरचं. खातं एका नावाने आणि चेक दुसऱ्या नावाचा आला की तो जमा होताना अडकतो. मग मॅरेज सर्टिफिकेट आण, अ‍ॅफिडेव्हिट कर, तहसीलच्या चकरा मार. म्हणून खातं काढायच्या आधी आधार आणि पॅन एका नावावर करून घे. इंग्रजी स्पेलिंगही एकच ठेव, एकीकडे डबल ए आणि दुसरीकडे सिंगल ए असं नको. पॅन नसेल तरी खातं अडत नाही, त्याऐवजी वेगळा फॉर्म भरून देता येतो. शिल्लक ठेवायची ऐपत नसेल तर शून्य शिलकीचं बेसिक बचत खातं मागायचा तुला हक्क आहे. २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेली जनधन खाती हीसुद्धा त्याच जातीची. ‘आमच्याकडं असं खातं निघत नाही’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे म्हणायचं, ‘तेवढं लिहून द्या.’

फॉर्म स्वतः भर. काउंटरवर गर्दी असते, बाहेर बसलेला एजंट पन्नास रुपयांत भरून देतो, पण फॉर्ममध्ये तुझ्या वतीने बारीक खुणा असतात आणि त्या पैशाच्या असतात. एटीएम कार्ड हवं का, एसएमएस हवा का, वर्षाला हप्ता कापून जाणारा विमा हवा का. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सरकारी अनुदान याच खात्यात घ्यायचं का. लोकांचा इथेच घोटाळा होतो. आधार क्रमांक चार बँकांत दिलेला असू शकतो, पण डीबीटीचे, म्हणजे थेट खात्यात येणाऱ्या अनुदानाचे, पैसे जातात एकाच खात्यात, एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत शेवटी जोडलेल्या खात्यात. पीएम किसानचा हप्ता, लाडक्या बहिणीचे दीड हजार, अतिवृष्टीचं अनुदान, बरंच काही त्या एका जोडणीवर चालतं. नवं खातं काढताना ती खूण न वाचता केली की जुन्या खात्यात येणारे पैसे नव्यात येऊ लागतात आणि बाई जुनं पासबुक घेऊन महिनोन्‌महिने हेलपाटे घालते. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून रडत आलेल्या बायकांचे पैसे दुसऱ्याच बँकेत सुखरूप पडलेले मी पाहिले आहेत. आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहता येतं. घरातल्या एखाद्या पोराला मोबाइलवर उघडून दाखवायला सांग, एका मिनिटाचं काम आहे.

सही साधी ठेव आणि मराठीत कर. फाटे, वेलांट्या, खाली दोन रेघा असले लाड नकोत, कारण वीस वर्षांनी, हात थरथरत असतानाही तीच उमटली पाहिजे. सही जुळत नाही म्हणून चेक परत जाणं हे आपल्या भागात नेहमीचं आहे. जावईबापूंचं नाव खात्यात जोडायचं असेल तर जोड, पण ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा मागे राहील तो’ अशी सोय लिहून घे. म्हणजे एकाचं काही बरंवाईट झालं तर दुसऱ्याला पैसे काढायला अडचण येत नाही. दुकानाचं खातं मात्र एकटीच्या नावाने असू दे. जावई माणूस चांगलाच आहे, पण तुझ्या कष्टाचा हिशेब तुझ्या हातात राहिला तर घरात वादालाच जागा राहत नाही.

वारसाची नोंद, म्हणजे नॉमिनी, खातं काढायच्या दिवशीच लाव. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि कुणाला किती टक्के हेही लिहिता येतं. पासबुकावर नोंद छापून आली की नाही ते डोळ्यांनी बघ. एक समजून घे. नॉमिनीच्या हातात बँक पैसे देते ते सांभाळायला. तो मालक होत नाही, वारसांचा हक्क तसाच राहतो. भावाभावांत डोकी फुटतात ती हे ठाऊक नसल्याने.

आता चेककडं येऊ.

चेकबुक हातात आलं की काउंटर सोडायच्या आधी पानं मोज आणि नंबर सलग आहेत का बघ. मधलंच एक पान गेलेलं असलं तर ते शेवटपर्यंत कळत नाही. आत पुढच्या चेकबुकाची मागणी करायची चिठ्ठी असते, तीही चेकइतकीच जप. चेकबुक, पासबुक आणि एटीएम कार्ड एकाच पिशवीत ठेवायची आपल्याकडं फार खोड आहे. एसटीत ती पिशवी गेली की चोराला सहीचा नमुना सोडून सगळं मिळालं, आणि सहीही बहुतेक आधारच्या झेरॉक्सवर असतेच.

लिहायला बसशील तेव्हा पेन स्वतःचं घे, साधं बॉलपेन, निळं किंवा काळं. समोरच्याने आपलं पेन पुढं केलं तर घेऊ नको. ज्याची शाई नंतर खोडून निघते असं पेन मिळतं आणि कर्ज मंजूर करून देतो म्हणणारे एजंट ‘कॅन्सल चेक’ लिहायला तेच देतात. ‘कॅन्सल’ हा शब्द नंतर पुसला जातो आणि हातात राहतो तुझा कोरा चेक. कॅन्सल चेकवर सही लागत नाही, फक्त दोन आडव्या रेघा आणि मधे तो शब्द. सही मागितली की समजायचं, हेतू बरा नाही.

चेक मराठीत लिहिलेला चालतो. छपाई हिंदी-इंग्रजीत असते, पण ग्राहकाने हिंदी, इंग्रजी किंवा त्या राज्याच्या भाषेत लिहावं अशी मुभा रिझर्व्ह बँकेनेच दिलेली आहे. इंग्रजीत स्पेलिंग चुकेल या धास्तीने दुसऱ्याकडून चेक भरून घेणाऱ्या कितीतरी शिकलेल्या बायका मी पाहिल्या. तू मराठीत लिही, स्वच्छ लिही.

घेणाऱ्याचं नाव रेघेच्या अगदी डाव्या टोकाला सुरू कर, पासबुकावर असेल तसं पूर्ण लिही आणि नाव संपलं की उरलेल्या जागेत शेवटपर्यंत रेघ ओढ. रकमेचंही तसंच. समज, कापडाच्या ठोक व्यापाऱ्याला आठ हजार द्यायचेत. तू ओळीच्या मधोमध ‘आठ हजार’ लिहिलंस आणि चौकोनात मोकळं ‘८,०००’ लिहिलंस. आता डाव्या बाजूला ‘एक लाख’ एवढे दोन शब्द आणि चौकोनात ‘१,०’ एवढीच भर घातली की झाले एक लाख आठ हजार. तुझं एकही अक्षर न खोडता शंभर हजारांचा फरक. म्हणून अक्षरं डावीकडच्या काठाला चिकटून सुरू करायची, शेवटी ‘फक्त’ लिहून रेघ मारायची, आणि आकड्यात रुपयाच्या खुणेला लागूनच पहिला आकडा काढून शेवटी ‘/-’ करायचं. आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर कायद्याने अक्षरातली रक्कम खरी धरली जाते, पण व्यवहारात बँक असा चेक बहुधा परतच करते. तेव्हा दोन्ही दोनदा वाच.

चुकलं तर खोडून वर सही करायची पूर्वी रीत होती. ती आता विसर. आता चेक कागद म्हणून प्रवास करतच नाही, त्याचं चित्र जातं आणि चित्रावर खाडाखोड दिसली की चेक परत येतो. तारखेची मुदत वाढवायची असेल तेवढीच दुरुस्ती चालते. बाकी काहीही चुकलं तर पान फाड, तुकडे कर आणि त्या नंबरपुढं वहीत ‘रद्द’ लिही. खालची पांढरी पट्टी, जिथे नंबर छापलेले असतात, तिथे सही जाऊ देऊ नको, टाचणी नको, स्टेपल नको, घडी नको. यंत्र ती पट्टी वाचतं.

वर डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेघा ओढून मधे ‘अकाउंट पेयी’ लिही. छापलेलं ‘या धारक को’ आणि ‘ऑर बेअरर’ खोडून टाक, ही खाडाखोड धरली जात नाही. या दोन कामांना मिळून पाच सेकंद लागतात. ती नसतील तर रस्त्यात पडलेला चेक ज्याला सापडेल तो काउंटरवरून रोकड घेऊन जाऊ शकतो. ती असतील तर पैसे ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यातच जातील, आणि दुसरीकडं गेले तरी कुणाच्या खात्यात गेले याचा माग राहील. स्वतःसाठी पैसे काढायचा ‘सेल्फ’चा चेक असेल तर घरून सही करून निघू नको. गावाकडून सोनपेठपर्यंत जीपगाडीत बसून येणार, वाटेत बाजार करणार, आणि पर्समध्ये सही केलेला बेअरर चेक! बँकेत पोचल्यावर सही कर.

तारखेबद्दल दोन गोष्टी. पूर्वी चेक सहा महिने चालायचा, १ एप्रिल २०१२ पासून तो तारखेपासून तीन महिनेच चालतो. कुणी दिलेला चेक देवाच्या फोटोमागं ठेवून दिवाळीनंतर टाकू म्हणशील तर तो कागद होऊन बसेल. दुसरी गोष्ट नवी आहे आणि जुन्या माणसांना अजून अंगवळणी पडलेली नाही. आमच्या वेळी बाहेरगावचा चेक पोस्टाने जायचा, पैसे यायला पंधरा-वीस दिवस सहज लागायचे. त्यामुळे लोक आज चेक द्यायचे आणि पट्टी आल्यावर खात्यात भरायचे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने क्लिअरिंग सलग केलंय. सकाळी टाकलेला चेक त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत वटतो किंवा परत येतो. तेव्हा चेक लिहायचा तो खात्यात पैसे असतील तरच. ‘दोन दिवसांत भरते’ हा हिशेब आता चालायचा नाही.

पन्नास हजार किंवा त्याहून मोठा चेक देशील तेव्हा बँकेला आधी कळव. पॉझिटिव्ह पे म्हणतात त्याला, १ जानेवारी २०२१ पासून आहे. चेकचा नंबर, तारीख, नाव, रक्कम एवढं सांगायचं. बँक आलेला चेक त्याच्याशी ताडून बघते. पाच लाखांच्या वर काही बँका ते सक्तीचं करतात. तू पन्नास हजारांपासूनच करत जा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. कोरा चेक.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की बियाणं-खतांसाठी धावपळ सुरू होते. हातात पैसे नसतात. दुकानदार म्हणतो, ‘न्या की काका, पैशाचं काय, फक्त दोन चेक सही करून ठेवा.’ शेतकऱ्याला तो उपकार वाटतो. दिवाळीला कापूस विकून तो उधारी फेडतो, पण चेक परत मागायला जीभ उचलत नाही. इतकी वर्षांची ओळख, संशय घेतल्यासारखं दिसेल. चेक दुकानदाराच्या गल्ल्यात पडून राहतात. मग कधी दुकानाची वाटणी होते, कधी दुकानदार स्वतःच कर्जात येतो, कधी पुढच्या साली भावावरून बिनसतं. आणि एक दिवस त्या कोऱ्या चेकवर लाखाचा आकडा पडून तो बँकेत येतो. असा परत गेलेला चेक घेऊन काउंटरसमोर उभ्या राहिलेल्या एका शेतकऱ्याला मी बघितलं आहे. तो एवढंच म्हणत होता, ‘साहेब, मी तर फेडले होते.’ फेडल्याची पावती नव्हती. चेकवर सही त्याचीच होती.

कायदा इथे सहीच्या बाजूने आहे, हे ध्यानात ठेव. चेक ज्याच्या हातात आहे त्याला तो देण्यापोटीच मिळाला, असं कोर्ट आधी गृहीत धरतं. तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. सही करून आपणहून दिलेला कोरा चेक समोरच्याने भरला तरीही हेच लागू होतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘आकडा माझ्या अक्षरात नाही’ एवढं म्हणून सुटका नाही.

मग गरज पडलीच तर काय करायचं? चेक द्यायचाच असेल तर भरून द्यायचा. दुकानाचं पूर्ण नाव, बिलाची तेवढीच रक्कम, तारीख, अकाउंट पेयीच्या रेघा. त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा. बिलावर ‘अमुक नंबरचा चेक या बिलापोटी मिळाला’ असं लिहून दुकानदाराची सही घ्यायची. पैसे रोख फेडले तर त्याच जागी उभं राहून चेक परत घ्यायचा आणि फाडायचा. हरवला म्हणाला तर ‘हरवला, व्यवहार पूर्ण झाला’ असं लिहून घ्यायचं, आणि बँकेत जाऊन त्या नंबरचं पेमेंट थांबवायचा अर्ज द्यायचा. खासगी सावकार कोरा चेक मागत असेल तर तिथून उठायचं. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने सावकारीला परवाना लागतो आणि बेकायदा सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडं करता येते. आणि सही करताना भाऊ असो, दीर असो, बचत गटाची अध्यक्षा असो, नियम एकच. गटाच्या चेकवर दोघींच्या सह्या लागतात, तर सोयीसाठी एकीने आधीच पाच पानांवर सह्या करून ठेवायची फार वाईट सवय आहे. दुसरी सही कशासाठी ठेवली आहे? पहिलीवर नजर ठेवायला. ती कोरीच देऊन टाकली तर उपयोग काय?

तुला कुणी चेक दिला तर? व्यापारी बहुधा पुढच्या तारखेचा देतो. मोंढ्यात माल घातला की पैसे लगेच मिळायला हवेत, उसाचे पैसे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत मिळायला हवेत, हा तुझा हक्क आहे. तरीही अडीनडीला पुढचा चेक घ्यावाच लागला तर पट्टीवर चेकचा नंबर लिहून घे, तारीख येताच टाक. वटला नाही तर बँक परत केल्याचं कारण लिहिलेला मेमो देते. तो कागद सोन्यासारखा जप. इथून पुढं तारखांचा खेळ आहे आणि लोक तोच हरतात. मेमो हातात आल्यापासून तीस दिवसांच्या आत देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस त्याला पैसे भरायला असतात. त्याने ते भरले नाहीत तर त्यानंतरच्या एक महिन्यात कोर्टात फिर्याद. हा कलम १३८ चा गुन्हा आहे. मूळ कायदा १८८१ चा, पण हे कलम १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी ‘ताई, पुढच्या सोमवारी देतो’ म्हणत सोमवार ढकलत राहतो आणि तुझे तीस दिवस निघून जातात. त्याच्याशी गोड बोल, पण नोटीस वेळेत पाठव, स्पीड पोस्टाने, पोचपावती घेऊन. आणि हे मुद्दाम सांगतो, २०१५ मध्ये कायदा बदलला आहे. चेक तू खात्यात भरला असशील तर फिर्याद तुझी शाखा ज्या हद्दीत आहे तिथल्या कोर्टात होते. परळीच्या किंवा मानवतच्या व्यापाऱ्याने चेक दिला म्हणून तुला तिकडं खेटे घालावे लागत नाहीत. सोनपेठच्या खात्याचा हा फार मोठा उपयोग आहे.

हेच उलटं, तुझा चेक परत गेला तर तूही त्याच कलमाखाली येतेस. नोटीस आली तर घाबरून ती परत पाठवू नको. घे, वाच, पंधरा दिवस मोज.

सहीसारखाच अंगठा. गावात ग्राहक सेवा केंद्र झाल्यापासून म्हाताऱ्या माणसांची मोठी सोय झाली, खडक्या-डिघोळकडच्या आजींना आता पाचशे रुपयांसाठी तालुक्याला यावं लागत नाही. पण ‘अंगठा आला नाही, परत ठेवा, अजून एकदा ठेवा’ असं झालं की दर वेळी पावती मागायची. पैसे निघाले नसतील तर ‘व्यवहार झाला नाही’ असं छापलेली पावती येते. सासूबाईंच्या खात्याला तुझा मोबाइल नंबर जोडून घे म्हणजे प्रत्येक अंगठ्याचा मेसेज तुला दिसेल. त्यांना या केंद्रावर जावंच लागत नसेल तर आधारचं बायोमेट्रिक कुलूप लावता येतं, हवं तेव्हा उघडता येतं.

झेरॉक्सचंही सांगतो, कारण हे आपल्या शेजारीच घडलं. २०१७ साली गंगाखेडला गुन्हा नोंदला गेला. शेतकऱ्यांच्या कागदपत्रांवर त्यांना न विचारता बँकांकडून परस्पर कर्ज उचललं, असा आरोप होता. शेतकऱ्यांच्या दारात बँकांच्या नोटिसा आल्या तेव्हा त्यांना कळलं की आपण कर्जदार आहोत. आरोपांचं काय ते कोर्ट ठरवेल, पण ती कागदपत्रं शेतकऱ्यांनी कधीतरी कुणाला तरी विश्वासाने दिलेलीच होती. म्हणून आधार, सातबारा, पासबुक, ज्याची झेरॉक्स देशील तिच्यावर आडवं लिही, ‘फक्त ऊस नोंदणीसाठी’ किंवा ‘फक्त वीज मीटरसाठी’, खाली तारीख आणि सही. आणि वर्षातून एकदा सिबिलचा रिपोर्ट काढ, एक फुकट मिळतो. तुझ्या नावावर कुणी कर्ज उचललं असेल तर त्यात दिसतं.

पैसे कुठं ठेवायचे हे विचारलं होतंस. बँकेत, आणि बँक म्हणजे बँकच. राष्ट्रीयीकृत, ग्रामीण, जिल्हा मध्यवर्ती, नागरी सहकारी, या सगळ्यांतल्या ठेवीला व्याजासकट पाच लाखांपर्यंत विमा आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या यांच्या ठेवींना तो विमा नाही. पाटी मोठी असते, एसी असतो, व्याज दोन-तीन टक्के जास्त असतं, पिग्मी गोळा करणारा पोरगा आपल्याच गल्लीतला असतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या मल्टिस्टेट बंद पडल्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांपासून पेन्शनरांपर्यंत सगळे ठेवीच्या पावत्या घेऊन रस्त्यावर आले. पिग्मी ठेवायचीच तर दुकानाच्या रोजच्या खर्चापुरती ठेव आणि कार्डावर रोज सही घे. मुलीच्या शिक्षणाचे पैसे तिथे नकोत, मग पोरगा कितीही गळ घालो.

खातं कुणाला वापरायला देऊ नको. ‘माझं खातं बंद आहे, तुझ्यावर वीस हजार येतील, दोन तुला ठेव’ असं म्हणणारी शिकलेली पोरं आता गावोगाव आहेत. तो पैसा फसवणुकीचा निघाला तर खातं गोठवलं जातं आणि पोलीस येतात ते खातेदाराकडं. ओटीपी, पिन, कार्डावरचा नंबर कुणाला सांगायचा नाही, हे तू जाणतेसच. तरीही पैसे गेले तर लाजेने गप्प बसू नको. त्याच क्षणी १९३० ला फोन, मग बँकेत लेखी. तुझी चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तू तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलंस तर तोटा तुझ्यावर येत नाही.

दोन वर्षं खात्यात तू स्वतः एकही व्यवहार केला नाहीस तर ते निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. तिथूनही मिळतात, पण धावपळ नको. घरात कुणाचं जुनं हैदराबाद बँकेचं पासबुक ट्रंकेत असेल तर काढ. ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली, खाती तशीच पुढं गेली, चेक मात्र बाद झाले. आमची मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ ची, ती आधी महाराष्ट्र ग्रामीण झाली आणि १ मे २०२५ ला राज्यभराची एकच ग्रामीण बँक झाली. बँकेचं नाव बदललं की आयएफएससी आणि चेकबुक बदलू शकतं, तेव्हा जुनी पानं कुणाला द्यायच्या आधी शाखेत विचार.

महिन्यातून एकदा पासबुक भरून घे आणि वहीशी ताड. वहीत चार रकाने पुरेत, चेक नंबर, तारीख, कुणाला, किती. न समजणारी कापलेली रक्कम दिसली तर तिथेच विचार. समाधान झालं नाही तर तोंडी भांडू नको, अर्ज दे. अर्जाच्या दोन प्रती कर आणि तुझ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार फुकट करता येते, १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. तिथे पहिला प्रश्न हाच येईल की बँकेला कधी कळवलं. शिक्क्याची ती प्रत पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात नको, घडी पडून शिक्का पुसतो. सातबाऱ्याच्या फाइलमध्ये लाव.